तुरुंगाचे दार आणि वस्तीचे दार

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेची पत्रिका छापून आली तेव्हा आमचा विषय वाचून एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "वर्षावासात धम्मावर बोलायचे सोडून तुरुंगावर काय बोलता? आपल्यातले कोण तुरुंगात आहे?" प्रश्न प्रेमाने विचारला होता, म्हणून उत्तरही मोकळेपणाने देतो. आपल्यातले आहेत. आपण त्यांचे नाव घेत नाही, एवढेच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्याच वस्तीतील एका विशीतल्या मुलाला तांब्याची तार चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली. कोर्टाने जामीन मंजूर केला. पण जामीनदार हवा होता आणि त्या जामीनदाराकडे ऐपतीचे कागद हवे होते. मुलाला वडील नाहीत, आई चार घरची धुणीभांडी करते. ज्यांच्या नावावर घर आहे, ज्यांची कायम नोकरी आहे, असे लोक आपल्या संस्थेत होते. आम्हीही होतो. ती माउली आमच्या दारी आली. आम्ही म्हणालो, "पाहू." ते पाहणे चौदा महिने चालले. जामीन मंजूर असूनही मुलगा चौदा महिने आत राहिला. शेवटी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला.

तो सुटून आला त्या सुमारास विहाराच्या राखणीसाठी संस्थेला माणूस हवा होता. त्याने अर्ज केला. बैठकीत त्याच्याविरुद्ध कोणी भांडले नाही. फक्त एक जण म्हणाला, "तुरुंगात जाऊन आलेला आहे, लोक काय म्हणतील?" आणि आम्ही सगळे गप्प बसलो. अर्ज बाजूला पडला. मुलगा गाव सोडून गेला. त्याची आई अजूनही दर रविवारी वंदनेला येते, आमच्याशी नीट बोलते, आणि तेच आम्हांला सहन होत नाही.

बंधू-भगिनींनो, कायद्याने त्या मुलाला एका दिवसाचीही शिक्षा दिली नव्हती. चौदा महिन्यांची शिक्षा त्याला गरिबीने दिली आणि त्यापुढची आपण दिली. आजचे हे भाषण म्हणजे त्या अर्जाला आम्ही उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

आपल्या मराठीत 'शिक्षा' म्हटले की दंड, मार, तुरुंग एवढेच डोळ्यांपुढे येते. पण शिक्षा आणि शिक्षण हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. आपण रोज पंचशील ग्रहण करतो, त्यातील प्रत्येक शीलाच्या शेवटी 'सिक्खापद' हा शब्द येतो. तेथे त्याचा अर्थ दंड असा नाही, शिकण्याचा नियम असा आहे. म्हणजे पालीत जी 'सिक्खा' माणसाला घडवते, ती मराठीत येईपर्यंत माणसाला ठोकणारी झाली! तुरुंगाचा सगळा वाद या एका शब्दात आहे. गुन्हा केलेल्या माणसाला शिक्षा द्यायची, म्हणजे त्याला दुखवायचे की त्याला शिकवायचे?

पहिला विचार जुना आहे. केले त्याने भोगावे, त्याला पाहून दुसऱ्याने भ्यावे. दुसरा विचार असा की, माणूस गुन्ह्याकडे कसा गेला ते पाहावे, त्याला आवर घालावा, पण त्याचबरोबर त्याच्या हातात कसब, डोक्यात विचार आणि मनात उमेद द्यावी. कारण आज ना उद्या तो आपल्यातच परत यायचा आहे. फाशी झालेले आणि आतच मेलेले सोडले, तर बाकी सारे एक दिवस दारातून बाहेर येतात. ते कसे होऊन येतात, याच्याशी आपल्या सर्वांच्या सुरक्षिततेचा संबंध आहे. म्हणून हा प्रश्न केवळ दयेचा नाही, व्यवहाराचाही आहे.

आपल्या देशातील तुरुंगांचा पाया इंग्रजांनी घातला. १८९४ सालचा कारागृह कायदा हा त्यांचा. त्या कायद्यात बंदोबस्त आहे, गिनती आहे, बेड्या आहेत, फटके आहेत. माणूस सुधारावा हा विचार त्यात शोधून काढावा लागतो. पुढे १९१९-२० सालच्या तुरुंग समितीने प्रथमच ठामपणे सांगितले की, कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचे एक उद्दिष्ट असले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ साली सविस्तर अहवाल दिला. केंद्राने २०१६ साली आदर्श कारागृह नियमपुस्तिका आणि २०२३ साली आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. परंतु तुरुंग हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे, त्यामुळे आदर्श हा शब्द पुष्कळदा कागदावरच आदर्श राहतो.

न्यायालयांनी मात्र काही वेळा वाट दाखवली. तिहार तुरुंगात फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा नावाच्या कैद्याने, दुसऱ्या एका कैद्याचा छळ झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि १९७९ साली निकाल दिला. तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क काढून ठेवले जात नाहीत, हे तत्त्व न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा निकालांतून रुजवले. १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात बिहारमधील कच्च्या कैद्यांची स्थिती देशासमोर आली. गुन्हा सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काही माणसे खटल्याची वाट पाहत आत बसली होती.

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. विद्यार्थी मित्रांनी पुढचे आकडे वहीत टिपून घ्यावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ४,३६,२६६ माणसांची. म्हणजे शंभराच्या जागेत एकशे एकतीस. आणि या माणसांपैकी ४,३४,३०२ हे कच्चे कैदी होते. चारांत तीन! ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही, त्यांनीच तुरुंग भरलेले आहेत. तेव्हा 'शिक्षा की सुधारणा' हा वाद आपण घालतो, पण आत असलेल्या चारांपैकी तिघांच्या वाट्याला यातले कायद्याने काहीच आलेले नसते. त्यांच्या वाट्याला आलेली असते ती नुसती वाट पाहणे.

हे कोण आहेत? बहुसंख्य गरीब, बहुसंख्य अर्धवट शिकलेले. दर पाचांत साधारण एक जण अनुसूचित जातीचा आहे, तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत आपले प्रमाण १६.६ टक्के होते. आदिवासी आणि मुस्लिम बांधवांचेही तुरुंगातील प्रमाण त्यांच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहे. यावरून कोणी म्हणेल की, हे लोकच गुन्हेगार वृत्तीचे. हे बोलणे नवे नाही. १८७१ सालच्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. सोलापूरची सेटलमेंट आपल्यातील जुन्या लोकांना ठाऊक आहे. तारेच्या कुंपणाच्या आत पिढ्या वाढल्या, हजेरी देत जगल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. आजही कोठे चोरी झाली की पोलिसांची गाडी प्रथम कोणत्या पालाकडे वळते, हे आम्ही सांगायला नको.

आणि जात तुरुंगाच्या भिंतीबाहेर थांबत नाही. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमांत स्वयंपाक कोणत्या जातीने करावा आणि संडास कोणत्या जातीने साफ करावेत, हे लिहिलेले होते. स्वतंत्र भारतात, राज्यघटनेचे सतरावे कलम असताना! मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उजेडात आणले, त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकावा, असेही सांगितले. हातात झाडू जन्मावरून द्यायचा, मग त्या माणसाची सुधारणा ती कसली?

आता धम्माकडे येऊ. आमच्या ज्येष्ठ सभासदांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, आम्ही धम्माबाहेरचे काही बोलत नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात एका राजाची कथा भगवंतांनी सांगितली आहे. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढलेले असतात. राजाचा पुरोहित सल्ला देतो की, ठार मारून, डांबून, दंड करून हे थांबणार नाही. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. त्याऐवजी शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला योग्य वेतन द्या. चक्कवत्ती सीहनाद सुत्तात याची दुसरी बाजू आहे. राजाने गरिबांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली. राजाने चोरांचा शिरच्छेद सुरू केला, तेव्हा लोकांनीही शस्त्रे केली आणि तेही तेच करू लागले. म्हणजे क्रूर शिक्षेने क्रूरताच शिकवली. अडीच हजार वर्षांपूर्वी गुन्ह्याचे मूळ माणसाच्या रक्तात न शोधता समाजाच्या व्यवस्थेत शोधले गेले, ही लहान गोष्ट नव्हे.

सम्राट अशोकांनी यातील काही प्रत्यक्षात आणले. त्यांनी नेमलेल्या धम्ममहामात्रांच्या कामांत कैद्यांची विचारपूस हे एक काम होते. ज्याला लेकरेबाळे आहेत, जो वृद्ध आहे, त्याच्या सुटकेकडे त्यांनी पाहायचे होते. राज्याभिषेकानंतरच्या सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा बंदिमुक्ती केल्याचे त्यांनी स्तंभलेखात कोरून ठेवले आहे. त्याच वेळी हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, त्यांनी देहान्त शिक्षा रद्द केली नव्हती. त्यांनी अशा कैद्यांना तीन दिवसांची मुदत दिली होती.

आणि अंगुलिमालाची कथा तर येथील लहान मुलांनाही पाठ आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तिला मुद्दाम स्थान दिले. परंतु आपण ती कथा अर्धीच सांगतो. जंगलात भगवंत भेटले, दरोडेखोराने तलवार टाकली, भिक्खू झाला, संपली कथा! वास्तविक कथेचा अवघड भाग पुढेच आहे. पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला धरायला निघालेला राजा पसेनदी भगवंतांकडे येतो. शेजारी बसलेला भिक्खू हाच अंगुलिमाल आहे, हे कळल्यावर राजा घाबरतो. मग सावरतो, त्याला वंदन करतो आणि चीवर, भिक्षा, जे लागेल ते देण्याची तयारी दाखवतो. राज्यसत्तेने त्याचे बदलणे मान्य केले. पण गावाने? अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा त्याच्यावर ढेकळे, काठ्या, खापऱ्या येऊन पडल्या. डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. रक्ताने माखलेला तो भगवंतांकडे परतला आणि भगवंतांनी त्याला सहन करायला सांगितले.

यात दोन गोष्टी आहेत. ज्यांनी दगड मारले, त्यांच्या घरातली माणसे त्याने मारलेली असतील. त्यांचे दुःख खोटे नव्हते, म्हणून भगवंतांनी त्यांची निंदा केली नाही. आणि दुसरी अशी की, माणूस बदलला म्हणजे काम पुरे होत नाही. बदललेल्या माणसाला गावात पाय ठेवायला जागा लागते. पहिले काम तुरुंगात होऊ शकेल. दुसरे काम फक्त वस्तीतच होऊ शकते. आम्हांला आज सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सारे त्याच्या आधारासाठी आहे.

येथे एक अवघड प्रश्न येतो, त्याला बगल देऊन चालणार नाही. आपण अत्याचार सोसलेला समाज आहोत. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका कुटुंबातील चार जणांना ठार मारले गेले, तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, आरोपींना कठोर शिक्षा व्हावी म्हणून घसा कोरडा होईपर्यंत ओरडलो. तेच आपण आज कैद्यांच्या सुधारणेची भाषा करतो, हा दुटप्पीपणा नाही काय?

आम्ही या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. आमचे उत्तर असे आहे. खैरलांजीच्या वेळी आपला राग होता तो न्याय होणारच नाही या भीतीचा होता. तक्रार नोंदवली जात नाही, साक्षीदार फुटतात, अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे टिकत नाहीत. त्या खटल्यातही ती टिकली नाहीत. आपली मागणी शिक्षा क्रूर असावी ही नव्हती, शिक्षा चुकू नये ही होती. इटलीच्या बेकारिया या विचारवंताने १७६४ सालीच लिहिले होते की, गुन्हा रोखतो तो शिक्षेचा क्रूरपणा नव्हे, तर तिची खात्री. आपल्याकडे नेमके उलट आहे. मोठ्याला शिक्षेची खात्री नाही आणि लहान्याला सुटकेची खात्री नाही. सुधारणेचा आग्रह म्हणजे गुन्हा माफ करा असे नव्हे. गुन्हा सिद्ध झाला तर स्वातंत्र्य जाणे, हीच शिक्षा. त्यावर मार, उपासमार, अपमान आणि आयुष्यभराचा शिक्का यांची भर घालण्याचा अधिकार कोणत्याही निकालपत्राने कोणाला दिलेला नाही.

स्वतः बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत बोलताना, अहिंसेवर श्रद्धा सांगणाऱ्या या देशाने फाशीची शिक्षाच रद्द करावी, अशा अर्थाचे मत मांडले होते. बाबासाहेबांइतका अन्याय कोणी सोसला होता? तरीही त्यांनी सूड मागितला नाही, कायदा मागितला.

आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात सांगितले की, सक्तमजुरी करणाऱ्या कैद्याला न्याय्य वेतन मिळाले पाहिजे, आणि त्यातील काही भाग गुन्ह्याने ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी बाजूला काढावा. आम्हांला हा विचार फार मोलाचा वाटतो. नुसत्या कोठडीतून पीडिताच्या हाती काहीच पडत नाही. कैद्याच्या कष्टातून काही तरी पडू शकते, आणि आपण कोणाचे काय बिघडवले याची जाणीवही त्या कष्टातून होऊ शकते.

सुधारणा ही स्वप्नातली गोष्ट आहे काय? मुळीच नाही. आपल्या महाराष्ट्रातच पाहा. १९३९ साली औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना तेथे आणले, जमीन दिली, कुदळ दिली. उंच भिंत नाही. कैदी आपल्या बायकामुलांसह राहून शेती करू लागले. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. चित्रपट सर्वांनी पाहिला, पण तो ज्यावरून निघाला ती वसाहत सांगली जिल्ह्यात आहे, हे किती जणांना माहीत आहे? राजस्थानात सांगानेर येथे १९६३ पासून असेच खुले बंदी शिबिर आहे. कैदी कुटुंबासह राहतात, सकाळी बाहेर कामाला जातात, संध्याकाळी हजेरीला परत येतात. भिंतीपेक्षा विश्वास स्वस्त पडतो, हे या दोन जागांनी दाखवले.

विपश्यनेचेही तसेच. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात पहिले शिबिर झाले. १९९४ च्या एप्रिलमध्ये किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना सत्यनारायण गोएंका गुरुजींनी तेथे एक हजाराहून अधिक कैद्यांचे शिबिर घेतले. दहा दिवस मौन पाळून स्वतःच्या रागाकडे पाहण्याची संधी या माणसांना आयुष्यात बहुधा प्रथमच मिळाली असेल. तिहारमध्ये पुढे कायमचे केंद्रही झाले. परंतु आम्ही सावधपणे एक गोष्ट सांगू. ज्याला वकील नाही त्याला ध्यान द्यायचे, ज्याला दोन वर्षे तारीख नाही त्याला शांत बसायला शिकवायचे, एवढ्यावर थांबलो तर ती धम्माची थट्टा होईल. मन स्वच्छ करायला मदत करा, आणि जामीनही मिळवून द्या.

येरवडा हे नाव आपल्या समाजाच्या काळजावर कोरलेले आहे, कारण २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार त्या तुरुंगात झाला. त्याच येरवड्यात १ मे २०२२ पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू केली. कैद्याला तुरुंगातील कमाईच्या आधारावर ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याजाने. मुलांचे शिक्षण, घरातले आजारपण, वकिलाची फी यांसाठी. आत असलेल्या माणसाला आपण अजून घरातले कर्ते आहोत असे वाटणे, हीसुद्धा सुधारणाच आहे.

आता आपण काय करायचे? टाळ्या वाजवून घरी जाऊ नये, म्हणून आम्ही कार्यकारिणीपुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली, जामीन. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना ती लागू नाही. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले आहे. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही २०२३ पासून आहे. योजना सुरू झाली तेव्हा जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. हे त्या माउलीला कोण सांगणार? आपल्यातील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून अशा कुटुंबांचे कागद पाहावेत, अर्ज लिहून द्यावेत. आणि ज्यांची ऐपत आहे, अशा सभासदांनी पूर्ण चौकशी करून जामीनदार राहण्याची तयारी ठेवावी. पहिले नाव आमचे लिहा.

दुसरी, पुस्तके. तुरुंगांत मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे आहेत. आपल्या विहारातील जास्तीची पाठ्यपुस्तके अधीक्षकांच्या परवानगीने तेथे देता येतील. ज्या समाजाने 'शिका' हा पहिला शब्द मानला, त्याने तो भिंतीच्या पलीकडेही पोचवावा.

तिसरी, कैद्याचे घर. माणूस आत गेला की त्याच्या मुलाची शाळा सुटते, बायकोला लोक टाळतात. ज्यांनी काहीच केले नाही त्यांना ही शिक्षा कशासाठी? आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात वडील काय करतात, हा रकाना आहे. तो काढून टाकावा.

चौथी आणि शेवटची, काम. विहाराची राखण, मंडपाचे काम, छपाईचे काम, जे काही संस्थेच्या हातात आहे त्यात सुटून आलेल्या माणसाचा अर्ज केवळ त्या कारणाने नाकारला जाणार नाही, असा ठराव करावा. काळजी जरूर घ्यावी. प्रत्येक जण अंगुलिमाल निघेल, असे आम्ही म्हणत नाही. एखादा फसवील. पण एका फसवणाऱ्याच्या भीतीने आपण नऊ जणांना दारातून परत पाठवले, तर ते नऊ जण कोठे जातील? ज्यांनी त्यांना पहिल्यांदा वाटेला लावले, त्यांच्याकडेच जातील.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातील कोणी उद्या वकील होईल, कोणी पोलीस अधिकारी, कोणी न्यायाधीश. कोणी तुरुंग अधिकारीही होईल. तेव्हा तुमच्यासमोर कैदी क्रमांक अमुक म्हणून एक माणूस उभा राहील. त्याच्या क्रमांकामागे एक आई असते आणि ती कोठे तरी रविवारी कोणत्या तरी दारात बसलेली असते, एवढे आठवा. शतकानुशतके आपल्याला सांगितले गेले की, तुम्ही जन्मानेच असे आहात, तुम्ही बदलणार नाही. बाबासाहेबांनी ते खोटे ठरवले. १९५६ साली नागपूरला लाखो माणसे एका दिवसात नवी झाली. माणूस बदलू शकतो, यावर ज्या समाजाचे सारे अस्तित्व उभे आहे, त्याने दुसऱ्या कोणाच्या बाबतीत 'हा बदलणार नाही' असे म्हणू नये.

तुरुंगाचे दार उघडणे न्यायालयाच्या हाती आहे. वस्तीचे दार आपल्या हाती आहे. त्या मुलाचा पत्ता आम्ही त्याच्या आईकडून मिळवला आहे. कार्यकारिणीने हा ठराव केला तर पहिले पत्र आम्ही त्याला लिहू. त्यात उपदेश नसेल. विहाराच्या राखणीची जागा पुन्हा रिकामी आहे, आणि आपला अर्ज आमच्याकडे आहे, एवढेच असेल.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम!